एकसष्ट टक्के

कासारवेस पेठेत सर्जेराव इंगवल्यांच्या आवाजाला मान होता. मिरची कांडप यंत्राच्या धडधडाटात गिऱ्हाइकाशी बोलायची तीस वर्षांची सवय. त्यामुळे स्टेडियमच्या पूर्व गॅलरीत उभं राहून त्यांनी पंचाला हाक मारली की ती पश्चिम गॅलरीत ऐकू जाई. शिव्या देण्याचे त्यांचे स्वतःचे नियम होते. आईबहिणीवर जायचं नाही, जातीवर जायचं नाही. बाकी पंचाचे डोळे, त्याचा चष्मा, त्याची ढेरी, त्यानं सकाळी कुणाच्या घरचा चहा प्यायला असेल, हे सगळं खुलं. लोक मॅच बघायला येत तसे थोडे सर्जेरावांना ऐकायलाही येत.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू. कासारवेस तालीम मंडळाच्या त्या अब्रूला एकोणीस वर्षं एकही मोठा चषक लागला नव्हता. पण पेठेत कुणी कधी आपला संघ कमी पडला असं म्हटलं नाही. दर हरण्यामागं एक पंच होता. कुणी पेनल्टी खाल्ली, कुणी फुकटचं लाल कार्ड दाखवलं, कुणी वेळ संपायच्या आत शिट्टी फुंकली. सर्जेरावांना ते सगळे पंच साल-वारासकट पाठ होते. पोटात चेंडू अडकल्यासारखी पळणारी आपली पोरं, दुसऱ्या हाफमध्ये लागणारा त्यांचा दम, डाव्या बगलेवर वर्षानुवर्षं न मिळालेला खेळाडू, हे मात्र कुणाच्याच लक्षात राहत नसे.

सन २०३३ची फायनल खडकपुरा संघाशी होती. एक-शून्यनं मागं असताना अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कासारवेसनं चेंडू जाळ्यात मारला. गॅलरी उसळली. बाजूच्या सहायक पंचाचा झेंडा अर्धा वर गेला आणि गोंधळून खाली आला. मुख्य पंच दिनकर कुरणे यांनी एक क्षण थांबून शिट्टी वाजवली आणि ऑफसाइड दिला.

कुरणे आयटीआयमध्ये शिकवायचे. सव्वीस वर्षं ते पंच होते, आणि ती सव्वीस वर्षं त्यांनी सर्जेरावांचा आवाज मान न वळवता ऐकला होता. त्या दिवशी मॅच संपल्यावर गॅलरीतून एक दगड आला तो त्यांच्या डाव्या गालफडावर बसला. डोळा वाचला, पण निम्मी नजर गेली. दगड कुणी मारला ते कधीच कळलं नाही. सर्जेरावांनी तो मारला नव्हता. पण त्याआधी पाव तास, ‘कुरण्याला आज सरळ घरी जाऊ द्यायचं न्हाई,’ असं ते ओरडत होते. ते नुसतं म्हणण्यापुरतं होतं, असं ते पुढं सांगत. कुरण्यांनी पंचगिरी सोडली.

सर्जेराव थांबले नाहीत. ‘पंच नको, यंत्र द्या’ असा फलक घेऊन त्यांनी फुटबॉल संघटनेच्या कचेरीवर मोर्चा नेला, अकरा हजार सह्या गोळा केल्या. मोठ्या देशांत तेव्हा यंत्रं मैदानात आलीच होती. वर्षा-दीड वर्षात कोल्हापुरातही यंत्र आलं, आणि प्रेक्षकांचा प्रतिनिधी म्हणून संघटनेच्या यंत्र समितीत सर्जेरावांचं नाव पडलं. त्यांच्या आयुष्यातला तो मोठा विजय होता.

यंत्र बसवायला आलेली इंजिनिअर अनघा तोरस्कर ही गडहिंग्लजची मुलगी. बोलायला स्पष्ट. तिनं समितीपुढं सगळं उलगडून सांगितलं. छपराखाली बावीस कॅमेरे. प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे एकोणतीस सांधे ते कॅमेरे ओळखतात. घोटा, गुडघा, खांदा, मनगट. चेंडूच्या पोटात एक चिप, ती सेकंदाला पाचशे वेळा आपली जागा सांगते. सगळं जुळवून यंत्र मैदानाचं एक जिवंत चित्र उभं करतं. कोण कुठं होतं, कुणाचा पाय कुणाला लागला, चेंडू कोणत्या क्षणी पायातून सुटला, यात चूक झालीच तर दोन बोटांची. मैदानात शिट्टी घेऊन एक माणूस पळेल, पण त्यानं ठरवायचं काही नाही. कानात सांगितलं की फुंकायची.

“आणखी एक गोष्ट ते करतं,” अनघा म्हणाली, “पण ती प्रशिक्षकांसाठी आहे.” यंत्रानं जगभरातल्या लाखो मॅच पाहिलेल्या असल्यामुळं खेळाच्या कोणत्याही क्षणी, पुढच्या दहा सेकंदांत गोल व्हायची शक्यता किती, हे ते सांगू शकतं. शंभरातले चार, शंभरातले नऊ. खेळाडूनं एक पाऊल चुकीचं टाकलं आणि नवाचे तीस झाले, तर ते वाढलेले एकवीस त्या खेळाडूच्या नावावर. मॅच संपल्यावर गोल का खाल्ला, यात कुणाचा वाटा किती, नशिबाचा किती, पंचाचा किती, हे टक्क्यांत निघतं.

ते सगळ्यांना दिसलं पाहिजे, असा आग्रह सर्जेरावांनी धरला. अनघानं नको म्हणून सांगितलं. हे आकडे सरावासाठी आहेत, त्यांचा अर्थ लावायला शिकावं लागतं, ती म्हणाली. सर्जेरावांना त्यात लपवाछपवीचा वास आला. पंचाचा वाटा एकदा आकड्यात दिसला की वर्षानुवर्षं आपण जे ओरडत होतो ते जगाला पटेल, असं त्यांना वाटत होतं. यंत्र आल्यावर पंचाचा वाटा उरणारच नाही, हे त्या वेळी त्यांच्या डोक्यात आलं नाही. समितीत त्यांनी आवाज चढवला, बाकीच्यांनी माना डोलावल्या. मॅच संपताच दहा मिनिटांत सगळ्यांच्या मोबाईलवर वाटा येईल, असं ठरलं.

त्याच आठवड्यात अनघानं त्यांना एकट्याला बोलावलं. यंत्राची परीक्षा घ्यायला तिनं जुन्या मॅचची चित्रणं त्यात घातली होती. प्रेक्षकांनी मोबाईलवर वेगवेगळ्या जागांवरून घेतलेली चित्रणं एकत्र केली की यंत्र जुना क्षणही पुन्हा उभा करू शकत होतं. पडद्यावर २०३३ची फायनल होती. अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. चेंडू पायातून सुटला त्या क्षणी तिनं चित्र थांबवलं. कासारवेसच्या फॉरवर्डचा खांदा शेवटच्या बचावपटूच्या एक वीत पुढं होता.

“कुरणे सर बरोबर होते,” ती म्हणाली. “कॅमेऱ्याशिवाय, चाळीस फुटांवरून. मला तर नवल वाटलं. समितीनं हे जाहीर करायला हवं.”

सर्जेराव पडद्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, जुनं उकरून काय करायचं, पेठेत पुन्हा डोकी फुटतील. हे इथंच राहू दे. अनघाला ते पटलं नव्हतं, पण प्रेक्षकांचा प्रतिनिधीच नको म्हणतोय म्हटल्यावर संघटनेलाही तेच सोयीचं वाटलं. सर्जेराव घरी आले आणि यातलं बायकोलाही काही बोलले नाहीत.

पहिला हंगाम झकास गेला. खडकपुऱ्याला दोन पेनल्ट्या यंत्रानं दिल्याच नाहीत. कासारवेसचा एक गोल, जो पूर्वी नक्की नाकारला गेला असता, तो मिळाला. मॅच संपली की गॅलरीतले तीन हजार लोक एकदम खाली माना घालून मोबाईल बघत आणि सर्जेराव पायरीवर उभं राहून वाटे मोठ्यानं वाचत. खडकपुऱ्याच्या एका गोलरक्षकाच्या नावावर एकदा बावन्न टक्के आले, तेव्हा त्यांनी ते ‘बावन्न पत्ते, एकही न्हाई नेटका’ असं जुळवून म्हटलं, आणि गॅलरीनं ते हलगीवर धरलं. तो पोरगा पुढच्या मॅचला दिसला नाही, त्यापुढच्याही नाही. सर्जेरावांना त्यात काही वावगं दिसलं नाही. आकडा होता तो. आकड्याला काय पेठ असते?

त्यांचा मुलगा धैर्यशील कासारवेसच्या संघात स्टॉपर होता. बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा, कमी बोलणारा, तेवीस वर्षांचा. शिरोलीला एका फौंड्रीत कामाला होता, सकाळी सराव करून पाळीला जायचा. त्याचे आकडे चांगले येत. दोन टक्के, तीन टक्के, एकदा शून्य. वडिलांनी त्याला आयुष्यात तोंडावर शाबास म्हटलं नव्हतं. यंत्र आल्यावर मात्र ते आकडा वाचून दाखवत आणि मुलाला त्यातच सगळं समजे.

दुसऱ्या हंगामात सेमीफायनलच्या तीन आठवडे आधी सरावात धैर्यशीलचा डावा गुडघा मुरगळला. वळताना आत काहीतरी निसटल्यासारखं होई. आई, शालन, म्हणाली, डॉक्टरला दाखव आणि प्रशिक्षकांना सांग. धैर्यशीलच्याही मनात तेच होतं. पण सर्जेरावांनी गणित मांडलं. संघात दुसरा स्टॉपर नाही, दोन मॅच उरल्यात, फायनल झाली की मग चार महिने विश्रांतीच आहे. “आता सांगितलंस तर बसवतील. बावीस वर्षांनी चषक दिसतोय, धैर्या. ओढ तेवढं,” ते म्हणाले. रोज ते स्वतः आंबेहळदीचा लेप गरम करून मुलाच्या गुडघ्याला लावत आणि क्रेप बँडेज घट्ट बांधत. धैर्यशील ऐकणारा मुलगा होता.

सेमीफायनलचा गोल एकाहत्तराव्या मिनिटाला झाला. समोरच्या फॉरवर्डनं चेंडू घेऊन डावीकडं झुकांडी दिली, धैर्यशील वळला आणि त्याचं एक पाऊल उशिरा पडलं. बाकीचं मोकळं मैदान होतं. सर्जेरावांचं तोंड सवयीनं उघडलं. त्यांनी शिट्टीवाल्याकडं पाहिलं. शिट्टीवाली कॉलेजातली एक मुलगी होती, कानात यंत्र घालून निमूट मध्यरेषेकडं चाललेली. मोठ्या पडद्यावर हिरवी रेषा आली. ऑफसाइड नाही. फाऊल नाही. गोल. सर्जेराव तसेच उभे राहिले, आणि त्यांच्याभोवती तीन हजार माणसं तोंडाशी आलेलं कुणावर टाकावं ते न कळून गप्प राहिली.

ते गप्प राहणं अर्ध्या तासाचंच होतं. मॅच एक-शून्यनं गेली आणि मोबाईल वाजले. नशीब, चौदा टक्के. गोलरक्षक, नऊ. बाकीचे मिळून सोळा. पंच, शून्य. धैर्यशील सर्जेराव इंगवले, एकसष्ट.

हंगामातला तो सगळ्यात मोठा आकडा होता. गॅलरीत कुणीतरी तो म्हटला, मग हलगीनं धरला. खेळाडू बोगद्याकडं जात होते आणि वरून तीन हजार लोक ठेक्यात एकच शब्द म्हणत होते. पूर्वी ही माणसं पंचाच्या नावानं ओरडत घरी जायची आणि रात्रीपर्यंत निवायची, कारण पंच दुसऱ्या गल्लीतला, दुसऱ्या गावचा, कुणाचा कोण. हा तर रोज समोरून जाणारा होता.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या भिंतीवर खडूनं ६१ लिहिलेलं होतं. कुणी पुसलं नाही. चार दिवसांत धैर्यशीलला पेठेत नाव उरलं नाही. “एकसष्ट आला,” असं लोक त्याच्या देखत म्हणत, रागानं नव्हे, साधं ओळख सांगावी तसं. फौंड्रीत त्याच्या लॉकरवर तोच आकडा चिकटवला गेला. कांडपाला आलेल्या बायका रांगेत कुजबुजत, आणि त्यांतली एक शालनला म्हणाली, वहिनी, पोराला काही टेन्शन होतं का हो, मोबाईलवर आलंय म्हणजे खरंच असणार. पंच चुकला असं म्हणता येत होतं तेव्हा त्यात वाद घालायला जागा होती. आकड्याशी कोण वाद घालणार?

सर्जेरावांनाही वाद घालता आला नाही, हे खरं दुखणं होतं. आकडा खरा असतो, हे त्यांनीच पेठेला दोन वर्षं ऐकवलं होतं. जेवताना ते मुलाकडं बघत आणि नको नको म्हणताना एकदा विचारूनच बसले, “त्या एका पावलाला काय झालं होतं?”

धैर्यशीलनं घास खाली ठेवला. “तुमाला ठाऊक न्हाई?” तो म्हणाला, आणि उठला.

सर्जेराव अनघा तोरस्करकडं गेले. आकड्यात काही गडबड आहे का, पुन्हा बघा, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. ती त्यांच्यावर चिडलेली असणं शक्य होतं, पण तिनं सगळी नोंद काढून दाखवली. गडबड नव्हती. मात्र स्टेडियमवरच्या सरावातल्या सांध्यांच्या नोंदी तिनं तीन आठवडे मागं नेल्या तेव्हा धैर्यशीलचा डावा गुडघा वेगळा दिसला. तो पूर्ण वाकत नव्हता. डावं पाऊल उजव्यापेक्षा दर वेळी चार बोटं आखूड पडत होतं.

सर्जेरावांनी विचारलं, मग एकसष्ट कसे?

“यंत्र विचारतं, तिथं सरासरी खेळाडू असता तर त्यानं काय केलं असतं,” अनघा म्हणाली. “त्यातला फरक ते नावावर टाकतं. काका, त्या सरासरी खेळाडूचे दोन्ही गुडघे धड असतात. तुमच्या मुलाला दुखत होतं हे यंत्राला दिसलं, पण दुखत असताना त्याला कुणी उतरवलं, हे यंत्र विचारत नाही.”

तिनं त्या नोंदींचा कागद छापून दिला. सर्जेराव तो घेऊन संध्याकाळी तालमीत गेले. मंडळाचे अध्यक्ष नामदेव माळकर, ज्यांना सगळे आण्णा म्हणत, प्रशिक्षक आणि पंधरावीस जाणती माणसं सतरंजीवर बसली होती. धैर्यशीलही दाराजवळ होता. त्याला पुढच्या हंगामात ठेवायचं की नाही यावरच बोलणं चाललं होतं. सर्जेरावांनी कागद वाचून दाखवला. पोराचा गुडघा जायबंदी होता, यंत्रानं ते पाहिलंय, मग दोष त्याचा कसा?

कागद हातोहात फिरला. दोघातिघांनी माना हलवल्या आणि सर्जेरावांना वाटलं, पटलं. मग प्रशिक्षक सावकाश म्हणाले, म्हणजे गुडघा गेलेला असताना हा मला काही न सांगता उतरला. संघाला फसवून उतरला. सतरंजीवरच्या माणसांचे चेहरे बदलले. चूक होती ती आता लबाडी झाली.

आण्णांनी सर्जेरावांकडं पाहिलं. “घरात कुणाला ठाऊक होतं का हे?”

प्रश्न साधा होता. आण्णा वाईट माणूस नव्हते. ‘मीच त्याला सांगितलं’ एवढं म्हटलं असतं तर कदाचित चार शिव्या देऊन त्यांनी विषय संपवला असता. सर्जेरावांना दाराजवळचा मुलगा दिसत होता. त्यांना सतरंजीवरची पंधरावीस माणसंही दिसत होती, ज्यांच्यात ते तीस वर्षं मान ताठ ठेवून बसले होते.

“मला काय माहीत?” ते म्हणाले. “ह्यो कधी बोलतोय व्हय घरात?”

धैर्यशीलनं वडिलांकडं पाहिलं नाही. चपला घातल्या आणि निघून गेला. आठवड्याभरात त्यानं चाकणच्या एका कारखान्यात काम मिळवलं आणि बॅग घेऊन गेला. जाताना आईच्या पाया पडला. वडिलांच्याही पडला, रीत म्हणून. शालननं त्यानंतर सर्जेरावांशी भांडण काढलं नाही. त्यांचं ताट वाढून ती आत जाऊन बसू लागली, एवढंच.

कांडपाच्या आवाजात दिवस जाई, पण तरी सर्जेरावांना करमेना. मग त्यांच्या डोक्यात नवीन मोहीम आली, कारण मोहिमेशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं. यंत्र काढा, माणूस पंच परत आणा. पहिली सही कुरण्यांची असली तर वजन पडेल. मे महिन्यात एका सकाळी ते अर्ज घेऊन राजारामपुरीत कुरण्यांच्या घरी गेले.

कुरणे गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. डोकं थोडं डावीकडं वळवून बघायची त्यांना आता सवय लागली होती. त्यांनी सर्जेरावांना ओळखलं, खुर्ची दिली. त्यांच्या बायकोनं आतून बाहेर येऊन पाहिलं आणि पाणी न विचारता परत गेली. सर्जेरावांनी सगळं सांगितलं. आकडे, पोराचं नाव बुडालं ते, यंत्राला माणुसकी नाही ते. तालमीतल्या त्या संध्याकाळविषयी ते बोलले नाहीत.

कुरण्यांनी अर्ज वाचला, चांगल्या डोळ्यासमोर धरून, शेवटपर्यंत. “म्हणजे शिव्या खायला माणूस पाहिजे तुम्हाला,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “तुमचा मुलगा सुटावा म्हणून दुसऱ्या कुणीतरी मैदानात उभं राहायचं.”

सर्जेरावांनी खिशातून पेन काढून पुढं केलं.

“एक विचारू?” कुरणे म्हणाले. “तीन वर्षं झाली, मी तो क्षण रोज आठवतो. नजर गेली त्याचं मला तेवढं वाटत नाही. पण मला आता खरंच सांगता येत नाही, मी बरोबर होतो की चूक. हिला विचारतो, ती म्हणते बरोबर होतात. ती दुसरं काय म्हणणार? तुम्ही समितीत होतात. त्या यंत्रानं कधी पाहिलं का ते?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या संध्याकाळी तालमीच्या दाराजवळ असलेल्या मुलासारखे कुरणे वाट बघत होते, आणि सर्जेरावांच्या तोंडून खरं निघालं. “एक वीतभर ऑफसाइड होता. तुम्ही बरोबर होता सर.”

कुरणे गच्चीच्या कठड्याला टेकले. मग विचारलं, “कधी कळलं तुम्हाला?”

“यंत्र बसलं तेव्हा.”

“दीड वर्ष.”

“व्हय.”

कुरण्यांनी अर्जाची घडी घालून ती सर्जेरावांच्या हातात दिली. “माझी सही मिळणार नाही. पण आत्ता मला जे सांगितलंत, ते तुमच्या तालमीत सांगा. ते जमत नसेल तर पुन्हा या घरी येऊ नका.”

सर्जेरावांना ते जमायला दोन महिने लागले. नव्या हंगामाची बैठक होती, तालमीचा मोठा हॉल भरलेला. आण्णांचं भाषण झाल्यावर ते उठले आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. कुरणे बरोबर होते आणि ते मला ठाऊक असून मी दडवलं. धैर्यशीलनं कुणाला फसवलं नाही. गुडघा बांधून मी त्याला उतरवला आणि इथंच तुमच्यासमोर खोटं बोललो. त्यांचा तो मोठा आवाज हॉलच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

कुरण्यांच्या गोष्टीकडं कुणी लक्ष दिलं नाही. झालं ते जुनं, एक जण म्हणाला, चषक काय परत मिळतोय? दुसऱ्या गोष्टीवर मात्र हॉल जागा झाला. म्हणजे सेमीफायनल बापानं घालवली. सेमीफायनलपासून त्या पोराला बोलून बोलून लोकांना कंटाळा आला होता. आता नवीन माणूस मिळाला. प्रशिक्षक म्हणाले, मला तेव्हाच संशय आला होता. मागून कुणीतरी ‘एकसष्टचा बाप’ म्हणालं आणि लोक हसले. आण्णांनी सर्जेरावांना हातानं बसायची खूण केली आणि नव्या जर्सीच्या रंगाचा विषय काढला. समितीवरून त्यांचं नाव काढायला संघटनेला लिहायचं, असं त्याच बैठकीत ठरलं. कांडपाची गिऱ्हाइकं पुढं हळूहळू दुसऱ्या चौकात वळली. लोकांनी काही शपथ घेतली नव्हती. इंगवल्यांकडं गेलं की बोलायचं काय, हा प्रश्न पडायचा.

पण त्या हसण्याचं पुढं काय होणार, ते सर्जेरावांना त्या दिवशी कळलेलं नव्हतं. त्या दिवशी ते हॉलमधून बाहेर पडले तेव्हा त्यांना हलकं वाटत होतं. रस्त्यातच उभं राहून त्यांनी चाकणला फोन लावला. चार महिन्यांत पहिल्यांदा. पलीकडं मशीनचा आवाज होता. धैर्यशील पाळीवर असावा.

“सांगितलं मी,” सर्जेराव म्हणाले. “सगळ्यांसमोर. गुडघा मी बांधला, मीच तुला उतरवलं, तालमीत खोटं बोललो. सगळं सांगितलं.”

कुरण्यांचंही सांगितलं, असं सर्जेराव पुढं म्हणाले, आणि मुलानं ते ऐकलं की नाही ते त्यांना कळलं नाही.

“मग किती निघाले तुमचे?” धैर्यशीलनं विचारलं.

“काय किती?”

“टक्के.”

सर्जेरावांना वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. पण आवाजात चेष्टा नव्हती. दोन वर्षं बापानं त्याला ज्या भाषेत शिकवलं होतं, त्याच भाषेत तो सरळ विचारत होता.

“ते यंत्र मोजत न्हाई, बाळा,” ते म्हणाले.

“मग माझे एकसष्टच राहिले,” धैर्यशील म्हणाला. “ठेवतो. सुपरवायझर आलाय.”

फोन बंद झाला. सर्जेरावांनी परत लावला नाही. तालमीच्या हॉलमधून टाळ्या ऐकू येत होत्या; जर्सीचा रंग ठरला असावा. पूर्वी असा ठराव झाला की सगळ्यात मोठ्यानं ते ओरडायचे. आता घराकडं जाताना वाटेत दोघातिघांनी त्यांना ओळखून मान वळवली, आणि ते कुणाला काही न म्हणता चालत राहिले.